रिलीव्हर आल्याशिवाय उठायचं नाही

"पोरगी शाळेतनं काढायची? आपल्या घरातली? आवो, भिंतीवर फोटू कुनाचा लावलाय ते तरी बघा वर!"

हा आवाज आमच्या सुनेचा, सीमाचा. ऐकून घेणारा माझा लेक, नागसेन. दोघं पत्र्याच्या पलीकडं चुलीपाशी, आणि मी अलीकडं हुलगं निवडत बसलेली. मधी नुसता पत्रा. तिथं बसून ऐकायचं नाही म्हटलं तर कानात बोळेच घालायला पाहिजेत, आणि माझे दोन्ही हात सुपात होते.

"काढत न्हाई गं," नागसेन म्हणाला. "शिफ्ट बदलतोय तिची."

"शाळेला कसली आलीय शिफ्ट? ती काय तुमची कंपनी हाय?"

"परत आठवीत बसवायची म्हंजी वर्ष गेलं ना. आठवीचं सगळं येतंय तिला."

"येतंय तर बसू द्या की. सोपं जाईल."

"सोपं जाईल म्हणून बसवायची, तर बालवाडीतच बसव!"

मग भांडं आपटल्याचा आवाज आला. तो तव्याचा होता. सीमाचं खरं डोकं फिरलं की ती तवाच आपटते, बाकीची भांडी पोचे येतील म्हणून जपते. मग तिनं सांगितलं ते मी शब्दनशब्द ऐकलं.

"एक वर्स देते तुम्हाला. पुढच्या जूनला शाळा उघडायच्या आत तिनं धाव्वीचा एक तरी इषय पास होऊन दाखवायचा. न्हाई झाला, तर शाळेचा ड्रेस अंगावर, आन् तुम्ही सोता तिचा हात धरून हेडमास्तरापुढं जायचं. आठवीत बसवायला. एकाच्या जागी दोन वर्सं गेली तर ती तुमच्या नावावर."

"कबूल," नागसेन म्हणाला. आणि पत्र्याकडं तोंड करून, "आये, ऐकलंस ना? तू साक्षीदार."

म्हणजे मी ऐकतेय हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं.

हे नव्व्याण्णवच्या जूनचं. आमची वस्ती कुरकुंभच्या अलीकडं, हायवेपासून जरा आत. नात गौतमी तेव्हा दौंडच्या हायस्कुलात आठवीला. उसाचा सीझन सुरू झाला की भरलेल्या ट्रॉल्या रस्त्यानं डुलत जातात, आणि आमच्याकडं असं पोर दाखवा जे ट्रॉलीमागं पळून ऊस उपसत नाही. गौतमी त्यात सगळ्यांची म्होरकी. एक दिवस ऊस हाती आला तो अर्धाच, पण ती रस्त्यावर आली ती सगळीच. पाय मोडला. प्लास्टर केलं, ते काढल्यावर हाड वाकडं बसलंय म्हणाले, परत मोडून परत प्लास्टर. तोवर परीक्षा होऊन गेली. हेडमास्तर म्हणाले, परीक्षा नाही तर वर्ष नाही, बसवा पुन्हा आठवीत. त्यांचंही बरोबर होतं. पण बरोबरच्या पोरी नववीत जाणार आणि आपण मागं राहणार, म्हणून गौतमी तीन दिवस भिंतीकडं तोंड करून झोपली. ऊससुद्धा खाल्ला नाही.

मग नागसेनला कंपनीत कुणीतरी सांगितलं, की दिल्लीची एक खुली शाळा आहे, तिचं सेंटर पुण्यात आहे. चौदा वर्षं पुरी झाली की घरी अभ्यास करून थेट दहावीची परीक्षा देता येते. आणि सगळे विषय एकदम द्यायचे नाहीत. एकेक द्यायचा. पास झाला तो जमा, तो पुन्हा द्यायचा नाही.

मला हे लवकर कळेना. नागसेननं समजावलं, "आये, तू कुरडया घालतीस, त्या सगळ्या एकाच दिवशी घालतीस का? आज एक घाणा, उद्या एक. वाळलेल्या डब्यात गेल्या, की त्या काय परत वल्या होत न्हाईत. तसं हाय हे."

मला पटलं. म्हटलं, "मग सीमाला बी असंच सांग की."

"सांगितलं. ती म्हनली, डब्याला मुंग्या लागत्यात."

आता नागसेन कसा माणूस ते सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं तुम्हाला खोटं वाटेल. हे पोर लहानपणापासून असंच. त्याला गूळ आणायला पाठवला, तर आल्यावर गूळ नुसता हातात देऊन मोकळा होणार नाही. समोर उभा राहून सांगणार: दुकान उघडं होतं, दुकानदाराची बायको आजारी आहे, गूळ काळा आहे पण चिक्कट नाही, वाटेत एवढासा चाखला, खडीसाखर संपलीय ती सोमवारी येणार. गेला तिथपासून आला तिथपर्यंत, क्रमानं. मधे थांबवलं तर पुन्हा पहिल्यापासून. त्याचे वडील, पोपट नाव त्यांचं, दौंडला रेल्वेत गँगवर होते. ते म्हणायचे, "ह्याला आग लागल्याचं सांगायला पाठवू नका. हा सांगोस्तवर राख व्हईल."

पुढं तो कुरकुंभच्या एमआयडीसीत औषधाच्या कंपनीत ऑपरेटर लागला, आणि माझ्या लेकाला जसं काही सासर मिळालं मनासारखं. कारण तिथं हाच नियम. यंत्रावरच्या माणसानं पुढच्या शिफ्टचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, आल्याशिवाय जागा सोडायची नाही. तो आला की त्याला क्रमानं सांगायचं: काय चालू आहे, काय बंद केलंय, काय अर्धं राहिलंय. ह्याला म्हणायचं चार्ज देणं. समोरच्यानं "घेतला" म्हटलं की मग उठायचं. आणि रिलीव्हर भेटलाच नाही, तर सगळं लिहून, खाली सही करून, दिसेल असं ठेवायचं. बाकीचे लोक ह्या नियमाला कंटाळायचे. नागसेन म्हणायचा, "आये, जगात एक तरी जागा हाय जिथं माझं शेवटपर्यंत ऐकत्यात."

तर असा मास्तर. आणि असं शाळेचं ठिकाण: आमची पडवी.

घंटा म्हणजे कंपनीचा भोंगा. नागसेनची फर्स्ट शिफ्ट असली की शाळा दुपारी, सेकंड असली की सकाळी, आणि नाईटच्या आठवड्यात तो झोपून उठला की. पुस्तकं आली ती हिंदीत. सीमानं कपाळाला हात लावला. नागसेन म्हणाला, "बरंच झालं. प्लँटात निम्मी माणसं बिहारची हायेत. मला आता स्वप्नं बी हिंदीत पडत्यात."

पहिला विषय कुठला द्यायचा ह्यावरनं पुन्हा तवा आपटला. सीमा म्हणाली मराठी घ्या. नागसेन म्हणाला विज्ञान. कारण हेडमास्तरांनी त्याला हसून विचारलं होतं, "विज्ञान कसं शिकवणार? घरात प्रयोगशाळा आहे का?"

"मग आता माझ्या सैपाकघराची करा प्रयोगशाळा," सीमा म्हणाली. तिनं ते रागात म्हटलं होतं. बापलेकीनं परवानगी समजून घेतली. हळदीच्या पाण्यात धुण्याचा सोडा टाकला की लाल होतं, हे गौतमीला त्या आठवड्यात समजलं. ते धुऊन निघत नाही, हे सीमाला समजलं, कारण प्रयोगाला तिची पांढरी साडी घेतली होती.

"हे अल्कली हाय, मम्मी."

"हे अल्कली असू दे न्हाईतर आल्याची चटणी. धू ते!"

पहिल्याच दिवशी नागसेननं गौतमीला नियम सांगितला: रिलीव्हर आल्याशिवाय उठायचं नाही. तो कामाला जायला निघाला की पडवीतनं हाक मारायचा, "आये, चार्ज घे!" आणि मी, जिची शाळा दुसरीत संपली, पदराला हात पुसत जाऊन विज्ञानाचा चार्ज घ्यायची.

"आज्जी, आम्ल झालं, अल्कली झालं," गौतमी मांडी घालून सांगायची. "पचनसंस्था अर्धी राहिली."

"का गं?"

"पप्पा जठरापाशी झोपले."

बघितलं तर खरंच. नाईटच्या आठवड्यात झोपून उठलेला बाबा पुस्तक छातीवर घेऊन पुन्हा घोरत असायचा.

"बरं. मग जठराच्या पुढं काय हाय?"

"लहान आतडं."

"ते कुठं ठेवलंयस?"

"डोक्यात."

"सांडू नको. घेतला."

मग ती उठायची. एकदा मी शेजारच्या बारशाला जाऊन बसले आणि विसरले. आले तर पोरगी त्याच जागी, दोन्ही पाय मुंग्या येऊन बधीर, डोळ्यांत पाणी. "उठायचं की गं!" म्हटलं. म्हणाली, "तू घेतलाच नाहीस ना." तेव्हापासून मी बारसं असो नाहीतर काही, वेळेला घरी.

तिच्या बरोबर समोर, खिळ्याला, शाळेचा ड्रेस टांगलेला असायचा. निळा स्कर्ट, पांढरा शर्ट. सीमा दर रविवारी तो धुवायची, तांब्यात निखारे घालून कडक इस्त्री करायची आणि पुन्हा टांगायची. वर्षभर त्या ड्रेसकडं बघत पोरीनं विज्ञान पाठ केलं. मला वाटतं, निम्मं विज्ञान त्या ड्रेसनंच शिकवलं.

बाहेर जायची चोरी झाली होती ती वेगळीच. शेजारची रतनबाई पाण्याला जाता-येता मुद्दाम थांबायची.

"सोजरबाई, तुमच्या शाळंला दिवाळीची सुट्टी न्हाई व्हय?"

"लागली की. हळू बोल, मास्तर झोपलाय."

हसायची आणि जायची. पण मला माहीत होतं, वस्तीत काय बोलतात ते. ज्यांच्या घरात शाळेसाठी उपास काढलेत, तिथली पोरगी घरी बसलीय. नागसेनलाही ते माहीत होतं. तो फक्त कुणाला क्रमानं सांगायला लागायचा, आणि लोक पहिल्या फाट्यालाच निघून जायचे.

एप्रिलात परीक्षा झाली. सेंटर पुण्यात. नागसेन नाईट करून तसाच पोरीला घेऊन गेला आणि येताना गाडीत यवतच्या आधीपासून झोपला. म्हणून त्याला वाटेत काही कळलं नाही. घरी आल्यावर गौतमी हातपाय धुऊन माझ्यापुढं बसली.

"आज्जी, चार्ज घे. प्रश्न एक ते सहा पूर्ण. आठ, नऊ पूर्ण. सातवा अर्धा राहिला. तसं लिहून ठेवलंय."

नागसेन पाणी पीत होता. तांब्या तोंडापाशीच थांबला. "कुठं लिहून ठेवलंय?"

"पेपरातच. शेवटी."

"काय लिहिलंयस?"

गौतमीनं डोळे मिटून ते हिंदीतलं मराठीत म्हणून दाखवलं. "'प्रश्न सात चालू आहे. आकृती काढून झाली, नावे देणे बाकी. पुढील शिफ्टने पूर्ण करावे. गौतमी.'"

"आगं, कशाला?"

"वेळ संपत आली. तिथं आज्जी नव्हती. रिलीव्हर भेटला नाही तर लिहून ठेवायचं, तुम्हीच सांगितलंय."

"आन् नाव कशाला घातलंस?"

"सहीशिवाय चार्ज धरत नाहीत ना?"

नागसेन उंबऱ्यावर बसला तो बसलाच. मला काही कळेना, म्हटलं बरोबर तर आहे पोरीचं. मग त्यानं सांगितलं. पेपरात आपलं नाव घालायचं नसतं. तपासणाऱ्याला काही लिहायचं नसतं. तसं काही सापडलं, की सबंध पेपर बाद करू शकतात. एक प्रश्न नाही, सगळा पेपर.

गौतमीचा चेहरा एवढासा झाला. मी वाट बघत होते तवा कधी वाजतोय. पण सीमा उठली, तिनं खिळ्यावरनं ड्रेस काढला आणि मोरीत जाऊन धुवायला बसली. तो कालच धुतलेला होता.

मग महिना-दीड महिना आमच्या घरात सगळे पाहुण्यासारखं वागले. नागसेन कामावरनं आला की काही सांगायचा नाही. "काय चाललंय?" म्हटलं की म्हणायचा, "चालू हाय." दोनच शब्द. त्याच्या जन्मापासून मी हे पहिल्यांदा बघत होते. एकदा सीमाच मला म्हणाली, "आत्याबाई, त्यास्नी काहीतरी इचारा की. गप ऱ्हायले की घर खायला उठतंय." मी म्हटलं, "तूच इचार." तर म्हणाली, "मी कशी इचारू? मी तर अट घातलीय."

जून आला. शाळा सोमवारी उघडणार होत्या. शनिवारी सकाळीच कळलं की पुण्याच्या सेंटरवर निकाल लागलाय, आणि नागसेन पहिल्या गाडीनं गेला.

दुपारी सीमा म्हणाली, "आत्याबाई, काय बी होऊ दे, तयारी असलेली बरी." आणि तिनं गौतमीला ड्रेस घालायला लावला. पोरगी मुकाट्यानं आत गेली आणि घालून बाहेर आली.

हसू दाबायला मी आधी पदर तोंडाला लावला. स्कर्ट गुडघ्याच्या वर गेला होता. शर्टाची बटणं समोर येईनात, बाह्या दंडात रुतल्या होत्या. वर्षभर घरात बसून पोरगी दोन बोटं नाही, चांगली वीतभर वाढली होती. सीमानं वर्षभर दर रविवारी ड्रेसला इस्त्री केली, पण पोरीला माप एकदाही लावलं नाही. ती खाली ओढून बघत होती, वर ओढून बघत होती. शिलाईत दाबलेलं कापड उसवून बघत होती.

"आगं मम्मी, श्वास येत नाहीये."

"नसू दे. उभी ऱ्हा नीट."

तेवढ्यात नागसेन दारात. घामानं भिजलेला. त्यानं आत बघितलं, पोरीकडं बघितलं, चपला काढल्या, पाय धुतले, आणि येऊन माझ्यासमोर बसला.

"आये, चार्ज घे."

दीड महिन्यानं ती हाक ऐकली, मला बरं वाटलं. म्हटलं, "दे बाबा."

"कुरकुंभवरनं गाडी मिळाली. उभं ऱ्हावं लागलं. भांडगावला जागा मिळाली."

"आवो, निकाल सांगा!" सीमा म्हणाली.

"सांगतोय की. क्रमानं. यवतला गाडी थांबली. ड्रायव्हर जेवायला उतरला."

"त्याच्या जेवणात मातेरं! निकाल काय लागला?"

"मधी बोललीस, आता परत. कुरकुंभवरनं गाडी मिळाली..."

"नगा! नगा परत! यवतपासनं सांगा!" सीमानं लाटणं हातात घेतलं होतं, पण ते तिचं तिलाच माहीत नव्हतं. गौतमी त्या आखूड स्कर्टात एका पायावर उभी. मी तिला म्हटलं, बस. ती म्हणाली, बसले तर फाटेल.

यवतवरनं गाडी हडपसरला गेली. तिथनं शहरातली बस. सेंटरवर ही गर्दी. कागद उंच लावलेले. एका उंच माणसाला वाचायला सांगितलं, तो चुकीचा नंबर वाचायला लागला. मग एका बाईनं स्टूल दिलं.

"मग?"

"स्टुलावर चढलो. नंबर बघितला. एकदा बघितला, परत उतरून चष्मा पुसला, परत चढलो."

"मग?" आता मीच ओरडले.

"विज्ञान. एकसष्ट. पास."

मग सीमा खाली बसली आणि हसायला लागली, आणि हसता हसता डोळ्याला पदर. "एकसष्ट! आवो, मग हे पहिल्यांदा सांगायला काय झालं होतं तुम्हाला?"

"पहिल्यांदा स्टुलावर चढलोच नव्हतो ना," नागसेन म्हणाला.

आणि गौतमी बसली. फाटला.

त्या सातव्या प्रश्नाखालच्या ओळीचं पुढं काय झालं, ते आम्हाला कधीच कळलं नाही. कुणी वाचली नाही, का वाचून सोडून दिली, देव जाणे. मला आपलं वाटतं, तपासणाऱ्याच्या घरात कुणीतरी शिफ्टला जाणारं असणार. त्यानं ओळ वाचली असणार, आणि मनातल्या मनात "घेतला" म्हटलं असणार.

उरलेल्या स्कर्टाची सीमानं पिशवी शिवली, चांगली जाड, दोन पट्ट्यांची, पुस्तकं आणायला-न्यायला. पुढचे दोन विषय दिवाळीनंतर दिले, शेवटचे दोन त्याच्या पुढच्या एप्रिलात. त्यात एक मराठी होता आणि तो सीमानं शिकवला. म्हणजे चुलीपाशी बसून ओरडून ओरडून शिकवला. नागसेनला तिनं मधे तोंड घालू दिलं नाही. डब्याला मुंग्या काही लागल्या नाहीत. गौतमीच्या जुन्या वर्गातल्या पोरी दहावी झाल्या, त्याच जूनला तीही झाली. वर्ष गेलं नाही. नागसेननं हेडमास्तरांना पेढे नेऊन दिले. त्यांनी एक खाल्ला आणि एक घरी नेण्यासाठी मागून घेतला. माणूस वाईट नव्हता.

मग पुण्याला कॉलेजात नाव घातलं आणि तिथंच हॉस्टेलवर राहायचं ठरलं. पोरीला पोचवायला नागसेनच गेला. खांद्यावर गादीची वळकटी, हातात ती निळी पिशवी. ह्या शाळेच्या कामातली त्याची शेवटची खेप. दोन वर्षं पुस्तकांसाठी, फॉर्मसाठी, परीक्षेसाठी, निकालासाठी जात होता, तसाच गेला. अंधार असतानाच निघाले दोघं, आणि दुपारच्याला तो एकटा परत आला. त्याला सेकंडला जायचं होतं.

चपला काढल्या, पाय धुतले, माझ्यासमोर बसला. मोकळी पिशवी घडी करून मांडीवर ठेवली.

"आये, चार्ज घे."

"दे."

"कुरकुंभवरनं गाडी मिळाली. दोघांना जागा मिळाली. गादी टपावर टाकली. भांडगावला पाऊस लागला, मग उतरून गादी आत घेतली."

सीमा चुलीपाशी भाकरी थापत होती. तिचा हात थांबला होता, पण ती मधे बोलली नाही.

"यवतला चहा घेतला. पोरीनं घेतला न्हाई, म्हनली मळमळतंय. हडपसरला उतरलो. हॉस्टेल बरं हाय. खोलीत तिघी. खिडकी हाय. गादी लावून दिली. खिळा नव्हता, तो ठोकून दिला."

"मग?"

"मग म्हनली, पप्पा जावा आता, तुमची सेकंड हाय. मी म्हटलं, बसतो जरा."

"किती येळ बसलास?"

"बसलो. मग वॉर्डनबाई आल्या. त्यास्नी सगळं सांगितलं. थंडीत पाय दुखतो. सकाळी दोनदा हाक मारावी लागती. उसाची ट्रॉली दिसली तर लक्ष ठेवा म्हटलं. बाई म्हनल्या, पुण्यात कुठनं येणार ट्रॉली? म्हटलं, तरी पन."

"मग काय म्हनल्या त्या?"

"'बरं' म्हनल्या. तवा उठलो."

मी नेहमीसारखं विचारलं, "अर्धं काय ऱ्हायलं?"

त्यानं पिशवीची घडी उलगडली, पुन्हा घातली. "काय न्हाई."

"घेतला," मी म्हटलं.

तिकडं भोंगा झाला. सीमानं भाकरी फडक्यात गुंडाळून डब्यात घातली आणि डबा त्याच्या हातात दिला. त्यानं पिशवी खिळ्याला अडकवली, जिथं ड्रेस असायचा तिथं, आणि सायकल काढून कामाला गेला.